मोतिया रंगाची मोटार

सदर : सांजसोबत

या सदराकडे येणाऱ्या पत्रांतून एक वाक्य निरनिराळ्या हस्ताक्षरांत वारंवार भेटते : ‘प्रकृती तशी बरी आहे, पण दिवस सरत नाही.’ कधी ते ज्येष्ठांनी स्वतः लिहिलेले असते, कधी त्यांची काळजी वाहणाऱ्या सुनेने वा मुलाने. त्यावर वाचन, नामस्मरण, बागकाम, भजनी मंडळ अशी उत्तरे आपण देतो आणि ती योग्यच आहेत. परंतु ज्यांचे आयुष्य हातांनी काही ना काही करण्यात गेले, त्यांचे समाधान केवळ ऐकण्या-वाचण्याने होत नाही. त्यांचे हात काम मागतात. अशा हातांसाठी आज एका छंदाविषयी लिहावयाचे आहे : मोटारींच्या प्रमाणबद्ध छोट्या प्रतिकृती जुळवणे आणि रंगवणे.

हा छंद आमच्या घरात कसा आला आणि त्यात माझ्या हातून कोणती चूक घडली, हेही सांगणार आहे. ती चूक काळजी घेणाऱ्या पुष्कळांच्या हातून घडते. व्यवसायोपचाराच्या क्षेत्रात तीस वर्षे काढूनही मला ती टाळता आली नाही.

किल्ली

माझ्या वडिलांनी १९७५ साली मोटारीसाठी नाव नोंदवले आणि १९८२ साली ती त्यांना मिळाली. आजच्या तरुणांना ही अतिशयोक्ती वाटेल. परंतु त्या काळी मोटारीसाठी वर्षानुवर्षे थांबणे हाच रिवाज होता. गाडी प्रीमियर पॅडमिनी, रंग मोतिया. फियाट कंपनीच्या परवान्याने मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी ही गाडी एका अख्ख्या पिढीला ‘फियाट’ याच नावाने परिचित आहे. बाबा बँकेत लेजर लिहीत. अक्षर असे, की इतर शाखांतले लोक पाहायला येत. तेच बाबा रविवारी सकाळी बाह्या दुमडून गाडीखाली शिरत. पुढे ती गाडी गेली, दुसरी आली, तिसरी आली. परंतु ‘गाडी’ म्हटले की आमच्या घरात मोतिया पॅडमिनीच समजली जाई.

२०२३ साली बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. हातांना कंप सुरू होऊन चार वर्षे झाली होती. पेला उचलताना, सही करताना हात थरथरे. मांडीवर ठेवला की शांत. हा पार्किन्सनचा आजार नव्हे, इसेन्शियल ट्रेमर आहे, असे डॉक्टरांनी सांगितले होते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया एका डोळ्याची झाली होती, दुसऱ्याची व्हावयाची होती. त्या सप्टेंबरात सोसायटीच्या फाटकाच्या खांबाला गाडी घासली. कोणाला इजा झाली नाही. पण त्याच क्षणी वॉचमनचा लहान मुलगा खांबाच्या पलीकडे उभा होता, हे कळल्यावर आम्हा भावंडांची झोप उडाली. भावाने परगावाहून फोनवर एकच वाक्य सांगितले, ‘ताई, किल्ली काढून ठेव.’ मी ती काढून माझ्या कपाटात ठेवली.

बाबांनी एकदाही विचारले नाही. भिंतीवरच्या खिळ्याकडे त्यांनी पाहिले असणार. किल्ली तिथे नाही हे दिसले असणार. ते गप्प झाले, एवढेच. पुढच्याच महिन्यात, ३० ऑक्टोबर २०२३ रोजी, मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटच्या पॅडमिनी टॅक्सीचा निरोप झाल्याची बातमी दूरदर्शनवर आली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, आणि शेवटची पॅडमिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली. हिशेब पूर्ण झाला होता. बाबा म्हणाले, “चला, तिचीही मुदत संपली.” आणि उठून आत गेले. त्या ‘तिचीही’ मधला ‘ही’ मला रात्रभर ऐकू येत राहिला.

संच आला तो असा

माझ्या मुलाला वाढदिवसाला बीटल गाडीचा एक जपानी संच भेट मिळाला होता. दोन संध्याकाळी खटपट करून त्याने तो पलंगाखाली सारला. एके दुपारी बाबांनी खोके उघडले. प्लॅस्टिकच्या चौकटींना जोडलेले लहान-मोठे भाग, रबरी टायर, पारदर्शक काचा, आणि चित्रांनी समजावलेली क्रमवार पुस्तिका. मुलाने दोन भाग चौकटीतून हाताने ओढून तोडले होते. त्यांच्या कडा फाटल्या होत्या. बाबांनी नातवाला हाक मारली. “असं ओढायचं नसतं रे. कातरीने आधी लांबून कापायचं, मग उरलेला कोंब जवळून.” “आबा, तुम्हाला कसं माहीत?” “कढीपत्ता तोडतोस तेव्हा फांदी ओढतोस का?”

खरोखर पद्धत हीच आहे. भाग चौकटीपासून दोन टप्प्यांत कापावयाचा, उरलेला अंश बारीक कानशीने किंवा पॉलिश पेपरने घासावयाचा. हे पहिले काम साध्या हातांनाही जमते, आणि त्यात यश डोळ्यांना लगेच दिसते.

प्रमाणाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. खोक्यावर १:२४ असे लिहिलेले असते, म्हणजे मूळ मोटारीचे प्रत्येक माप चोविसाव्या हिश्श्याइतके. सुमारे चार मीटरची मोटार अशा रीतीने सतरा सेंटिमीटरच्या आत बसते. १:१८ ची प्रतिकृती याहून मोठी, १:४३ ची तळहाताएवढी, तर १:६४ ची बोटाएवढी. १:४३ हे प्रमाण आले ते रेल्वेच्या खेळण्यांमुळे : इंग्लंडमध्ये १९३० च्या दशकात हॉर्नबी आगगाड्यांच्या शेजारी ठेवण्यासाठी ज्या छोट्या मोटारी निघाल्या, त्याच पुढे ‘डिंकी टॉइज’ म्हणून नावारूपास आल्या. ‘मॅचबॉक्स’ या नावामागेही एक हृद्य हकिगत आहे. लेस्नी कंपनीतील जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत काड्यापेटीत मावेल एवढेच खेळणे आणण्याची मुभा होती. म्हणून वडिलांनी तिला पितळेचा एक चिमुकला रोड रोलर करून दिला, आणि त्यातून १९५३ साली तो प्रसिद्ध छाप जन्माला आला. जपानमधील शिझुओका येथील तामिया कंपनी १९४६ साली सुरू झाली ती लाकडाच्या धंद्यात. प्लॅस्टिकचे संच तिने १९६० पासून काढले. आपल्याकडेही ही दृष्टी परकी नाही. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करताना बुरूज केवढा आणि मावळा केवढा याचा अंदाज आपण लहानपणीच बांधलेला असतो. पुण्यात कोथरूडला जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून आहे; ते पाहिलेल्यांना प्रमाणबद्ध लहान जगाची मोहिनी वेगळी सांगावयास नको.

ज्येष्ठांना याचा उपयोग काय ?

या छंदाने स्मृतिभ्रंश टळतो किंवा कंप बरा होतो, असा दावा मी करणार नाही. तो कोणी केल्यास विश्वास ठेवू नये. परंतु व्यवसायोपचाराच्या दृष्टीने पाहता यात पुष्कळ काही एकत्र येते. चिमटीने भाग उचलताना बोटांच्या सूक्ष्म हालचाली होतात, डोळा आणि हात यांचा मेळ राहतो. ‘आधी हे, मग ते’ असा क्रम मनात धरावा लागतो. रंग वाळेपर्यंत थांबावे लागते. म्हणजे उद्यासाठी काही राखून ठेवलेले असते. एकाकी ज्येष्ठांच्या बाबतीत हे शेवटचे मला सर्वांत मोलाचे वाटते. ‘उद्या सकाळी चाके बसवायची आहेत’ असे मनात घेऊन निजणारा माणूस आणि उद्याविषयी काहीच मनात नसलेला माणूस यांच्या सकाळी वेगवेगळ्या असतात.

एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवावी. हा बैठा छंद आहे. दर अर्ध्या तासाने उठावे, मान व खांदे मोकळे करावेत, दूरवर पाहून डोळ्यांना विश्रांती द्यावी. सकाळ-संध्याकाळच्या फिरण्याची जागा त्याने घेऊ नये.

टेबल, उजेड आणि हात

वय वाढते तशी डोळ्याची बाहुली लहान होते आणि नेत्रभिंग पिवळसर होत जाते. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या आतील पडद्यावर विशीतल्या तरुणाच्या तुलनेत सुमारे एक-तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. म्हणून छताच्या दिव्यावर भागवू नये. टेबलावर स्वतंत्र दिवा हवा, तोही लिहित्या हाताच्या विरुद्ध बाजूस, म्हणजे स्वतःच्याच हाताची सावली कामावर पडत नाही. भिंग बसवलेला दिवा मिळाल्यास उत्तम. टेबलावर फिक्या एका रंगाचा कापड अंथरावा, कडा किंचित उचललेल्या. म्हणजे निसटलेला बारीक भाग घरंगळत नाही. पांढरे भाग गडद कापडावर आणि काळे भाग फिक्या कापडावर ठेवावेत.

हात थरथरत असल्यास हात स्थिर करण्याच्या मागे न लागता आधी वस्तू स्थिर करावी. मोटारीचा सांगाडा औषधाच्या रिकाम्या बाटलीवर दुहेरी चिकटपट्टीने बसवावा. बारीक भाग दात-कोरणीच्या टोकाला चिकटवून ती बटाट्याच्या फोडीत किंवा थर्मोकोलमध्ये रोवावी. कपडे वाळत घालण्याचे चिमटे येथे फार कामास येतात. दोन्ही कोपर टेबलावर टेकलेले असावेत आणि रंगवणाऱ्या हाताचे मनगट दुसऱ्या हातावर विसावलेले. कुंचल्याचा दांडा बारीक असतो. त्यावर फोम किंवा जुन्या मोजाची पट्टी गुंडाळून तो जाड केल्यास अंगठ्याच्या सांध्यावरचा ताण कमी होतो. संधिवात असणाऱ्यांनी तर हे अवश्य करावे. पार्किन्सनचे रुग्ण औषधाचा परिणाम चांगला असण्याची वेळ ओळखतात. ती वेळ या कामासाठी राखावी. चहा-कॉफीने कंप वाढतो असा अनुभव अनेकांचा असतो. तसे असल्यास काम आधी, चहा नंतर.

आणि एक गोष्ट, जी मला पुस्तकांतून ठाऊक होती, पण घरात उशिरा उमगली. कोणी पाहत असले की कंप वाढतो. मी शेजारी बसून टक लावून पाहत असे तेव्हा बाबांचा कुंचला काचेच्या चौकटीबाहेर जाई. मी उठून पालेभाजी निवडायला बसले, तेव्हा तोच हात बराचसा सावरला. सोबत द्यावी, पहारा देऊ नये. शक्य तर आपलेही काही काम घेऊन त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसावे.

रंग, डिंक आणि पाती : सावधगिरी

घरातील ज्येष्ठांनी पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंगच वापरावेत. त्यांना उग्र दर्प नसतो, कुंचला पाण्याने धुता येतो. इनॅमल व लॅकर हे रंग थिनरमध्ये मिसळावे लागतात. त्यांची वाफ दमा किंवा फुप्फुसांचा जुना विकार असणाऱ्यांना त्रासदायक, बंद खोलीत तर कोणालाही घातक. फवाऱ्याचे डबे वापरावयाचेच असल्यास मोकळ्या गच्चीवर, वाऱ्याकडे पाठ करून, तरुण माणसाने वापरावेत. कापडी मुखपट्टी धूळ थोडीफार अडवते, वाफ अडवत नाही, हे लक्षात असू द्यावे. पावसाळ्यात हवेतील दमटपणामुळे लॅकरवर पांढुरकी झाक येते. तेव्हा त्या दिवसांत जुळवणी करावी आणि रंग उन्हाच्या दिवसांसाठी ठेवावा.

रंगण्यापूर्वी सारे भाग कोमट साबणाच्या पाण्यात धुऊन वाळवावेत. साच्यातला तेलकटपणा राहिल्यास रंग धरत नाही. मग प्रायमरचा पातळ हात, आणि त्यावर रंगाचे दोन-तीन पातळ हात. एकच जाड हात देण्याचा मोह टाळावा. त्याने रंग ओघळतो. प्रत्येक हातानंतर पुरेसे वाळू द्यावे. रात्रभर ठेवल्यास उत्तम.

झटपट चिकटणारा डिंक बोटांना लागल्यास जोराने ओढू नये. कोमट साबणाच्या पाण्यात बोटे बुडवून हळूहळू सोडवावीत. डोळ्यात गेल्यास चोळू नये, पाण्याने धुवावे आणि तत्काळ डॉक्टरांकडे जावे. पारदर्शक काचा बसवण्यास हा डिंक वापरूच नये; त्याच्या वाफेने काच धुरकट होते. त्यासाठी नेहमीचा पांढरा डिंक पुरतो. तो वाळल्यावर दिसेनासा होतो.

पाते असलेली सुरी कापण्याच्या कामाला लागते. कंप असणाऱ्यांनी ती वापरू नये. कातरी आणि पॉलिश पेपर यांवर भागते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास लहानशी जखमही बराच वेळ वाहते; स्वच्छ कापडाने दहा-पंधरा मिनिटे सलग दाबून धरावे, आणि तरीही न थांबल्यास डॉक्टरांना दाखवावे. मधुमेहींच्या बोटांची संवेदना कमी झालेली असू शकते. काम संपल्यावर त्यांनी उजेडात बोटे न्याहाळावीत. घरात लहान मूल असल्यास बारीक भाग आणि बटणासारख्या बॅटऱ्या झाकणबंद डब्यात ठेवाव्यात.

मोतिया

बीटल दीड महिन्यात पूर्ण झाली. जानेवारीत माझा मुलगा खेळण्यांच्या दुकानातून काळ्या-पिवळ्या रंगाची प्लॅस्टिकची पॅडमिनी टॅक्सी घेऊन आला. साधेच खेळणे, काही शे रुपयांचे. आजोबा-नातवांनी पट्टीने मोजले : बारा सेंटिमीटर. मूळ गाडी सुमारे तीन मीटर नव्वद सेंटिमीटर. “भाग बरं,” बाबा म्हणाले. मुलाने कागदावर भागाकार केला : साडेबत्तीस. “म्हणजे एकास बत्तीस. चालेल.”

खालचे स्क्रू काढून त्यांनी गाडी सुटी केली, पॉलिश पेपर पाण्यात भिजवून टप घासला, प्रायमर दिला. मग रंग. मोतिया म्हणजे नेमका कोणता? पांढऱ्यात पिवळ्याचा थेंब टाकला तर फार उजळ झाला. तपकिरीचा कण टाकला तर मळकट. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर एकेक ठिपका लावून त्याखाली ते प्रमाण लिहीत गेले. अकराव्या ठिपक्यापाशी थांबले. “हाच. तुझी आई म्हणायची, दुधावरच्या सायीचा रंग.” आई जाऊन सहा वर्षे झाली होती. तिच्याविषयी ते आपणहून बोलले, ते फार दिवसांनी. त्या आठवड्यात लोणावळ्याच्या घाटात तापलेले इंजिन, रेडिएटरमध्ये ओतलेला आईच्या फिरकीच्या तांब्यातला पाण्याचा शेवटचा घोट, स्टिअरिंगलाच असलेली गिअरची दांडी पाहून चकित झालेला गावाकडचा मामा, असे किती तरी बाहेर आले. माझ्या मुलाने ते सारे प्रथमच ऐकले.

शेवटचे काम होते नंबरपट्टीचे. दीड सेंटिमीटरची पट्टी, त्यावर तांदळाच्या दाण्याएवढे अंक. छापून चिकटवू या, असे मुलगा म्हणाला. बाबांनी मान हलवली. दिव्याच्या भिंगाखाली, दोन्ही कोपर टेकवून, श्वास रोखून त्यांनी तो जुना क्रमांक काळ्या पेनाने स्वतः लिहिला. पाऊण तास लागला. अंक वाचता येत होते, पण वाकडे होते. एका सातचे शेपूट पट्टीबाहेर गेले होते.

त्या रात्री सगळे झोपल्यावर मी ती पट्टी पुसली आणि पुन्हा लिहिली. हेतू वाईट नव्हता. इतक्या सुरेख गाडीवर ती एकच गोष्ट खटकत होती. सकाळी त्यांना छान वाटेल, त्यांच्या लक्षातही येणार नाही, असे मी स्वतःला समजावले. छत्तीस वर्षे लेजर लिहिलेल्या माणसाला स्वतःचे अक्षर ओळखता येणार नाही, असे मी कशाच्या आधारे ठरवले होते, कोण जाणे.

सकाळी त्यांनी गाडी उचलली, भिंगाखाली धरली आणि खाली ठेवली. “हे अक्षर माझं नाही,” एवढेच म्हणाले. रंगांच्या बाटल्यांची झाकणे घट्ट लावली, कुंचले पुसले, सारे खोक्यात भरले. त्यानंतर तीन आठवडे ते खोके उघडले नाही.

रुग्णांच्या नातेवाइकांना मी आयुष्यभर सांगत आले होते : त्यांचा सदरा उलटा घातला गेला तरी चालेल, पण तो त्यांना घालू द्या. अपुरे, वाकडे, सावकाश, पण त्यांचे. आपण सुधारतो तेव्हा वस्तू सुधारते, पण माणसाला मात्र ‘तुम्हाला जमत नाही’ हा निरोप पोहोचतो. तो निरोप मी दुसऱ्यांदा दिला होता. पहिल्यांदा दिला तो किल्ली काढून घेतली तेव्हा.

एका संध्याकाळी मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. “बाबा, पट्टी मी पुसली. चुकलं माझं.” ते काही बोलले नाहीत. मग मी किल्लीविषयीही सांगितले; कोणी काढली, कुठे ठेवली, का काढली. वॉचमनच्या मुलाविषयीही सांगितले, कारण ते आजवर त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. बराच वेळ गेला. मग ते म्हणाले, “पोराविषयी मला माहीत नव्हतं. मागितली असतीस तर किल्ली मी दिली असती गं. तुम्ही मागितलीच नाही.”

मी किल्ली आणून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती पुन्हा खिळ्याला लावली. गाडी मात्र काढली नाही. पंधरा दिवसांनी त्यांनी स्वतः ओळखीच्या मेकॅनिकला फोन करून किंमत विचारली, आणि महिन्याच्या आत गाडी त्यांनी स्वतः विकली. कागदांवरची सही वेडीवाकडी, पण त्यांची. रिक्षाने जाण्यायेण्याचा खर्च त्या पैशांतून करायचा, असा हिशेब त्यांनी वहीत मांडला आहे. भावाला फोनवर त्यांनी स्वतःच कळवले : “गाडी मी काढून टाकली.”

वाहन चालवणे थांबवण्याची वेळ प्रत्येक घरात केव्हा तरी येते, आणि काही वेळा ती तातडीने आणावीच लागते. दुसऱ्याच्या जिवाचा प्रश्न असतो. गाडी थांबवली याचा मला आजही पश्चात्ताप नाही. पश्चात्ताप आहे तो त्यांना कारण न सांगता थांबवल्याचा. घडलेले खरेखरे सांगावे, डॉक्टरांकरवी दृष्टी व हालचाली तपासून घ्याव्यात, आणि शेवटचे पाऊल शक्यतो त्यांचे त्यांना उचलू द्यावे.

स्मृतिभ्रंश असलेल्यांसाठी

ज्यांना विस्मरणाचा आजार आहे, त्यांनाही हा छंद सौम्य रूपात देता येतो. त्यांना संच देऊ नये. तयार, मोठ्या आकाराची, न मोडणारी मोटार द्यावी, १:१८ एवढी. ती धुणे, पुसणे, एकाच रंगाने रंगवणे असे एका वेळी एकच काम सांगावे. त्यांच्या तारुण्यातली गाडी निवडावी. ‘ही कोणती, ओळखा पाहू’ असे परीक्षेसारखे विचारू नये. ‘अशा गाडीतून आपण कुठे कुठे जात होतो नाही?’ असे म्हणून गोष्टीला वाट करून द्यावी. नाव चुकले तर दुरुस्त करू नये. बारीक भाग, डिंक आणि रंगाच्या उघड्या बाटल्या मात्र त्यांच्या हाताशी ठेवू नयेत. त्या तोंडात जाण्याची भीती असते.

ज्यांना हा छंद सुरू करावयाचा आहे, त्यांना एकच सुचवते. आरंभी महागडा संच घेऊ नये. साधे प्लॅस्टिकचे खेळणे, तीन ॲक्रिलिक रंग, दोन कुंचले, बारीक पॉलिश पेपरचे दोन कागद आणि एक चांगला दिवा एवढ्याने सुरुवात होते. रस वाढला तर पुढे संच आहेतच. गाडी मात्र त्यांनी निवडलेली असावी. घरातल्या मुलाला शेजारी बसवता आले तर फारच उत्तम, कारण लहान मुले वाकड्या अंकांना हसत नाहीत; ती विचारतात, ‘आता पुढं काय?’

आमच्या दिवाणखान्यात आईच्या तसबिरीखालच्या फळीवर ती मोतिया पॅडमिनी उभी आहे. मी लिहिलेली पट्टी बाबांनी घासून काढली आणि पुन्हा स्वतः लिहिली. या खेपेला सातचे शेपूट पट्टीत मावले आहे. तीन मात्र थोडा कलंडला आहे. धूळ पुसताना मी गाडी उचलते आणि होती तिथेच ठेवते.

सध्या टेबलावर ॲम्बॅसेडर आहे. मामाची होती, म्हणे. तिच्या निळ्या रंगावरून बाबांचा आणि मामाचा फोनवर वाद चालू आहे. सातव्या ठिपक्यापर्यंत गाडी आली आहे.